पायाच्या शिरा, घट्ट मोजे आणि आपली पोटरी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उन्हाळ्यात पाय का सुजतात यावर थोडं लिहिलं होतं आणि जाता जाता व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायात फुगून वेड्यावाकड्या होणाऱ्या शिरांचा, एका वाक्यात उल्लेख केला, तर झालं, या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं त्याच एका वाक्यावर आली. सूर बहुतेकांचा एकच, मॅडम काहीही सांगा पण ऑपरेशन सांगू नका. म्हणून बाकीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. सारखी पत्रं एकत्र केलीत, नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी ४७ वर्षांची, सांगलीजवळ हायस्कूलला शिक्षिका. रोज पाच-सहा तास उभी असते. डाव्या पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी दिसायला लागल्यात, संध्याकाळी पाय शिसासारखा जड होतो, रात्री गोळे येतात. माझ्या आईचं याचंच ऑपरेशन झालं होतं, तिचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत. ऑपरेशन न करता या शिरा जातील का?

उत्तर : ताई, सरळ सांगते, एकदा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा मोज्याने, गोळीने, तेलाने किंवा आसनाने परत पूर्वीसारख्या होत नाहीत. होतात म्हणून कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकायला बसलाय असं समजा. पण जडपणा, ठणका, संध्याकाळची सूज, खाज हे सगळं ऑपरेशनशिवाय बरंच कमी करता येतं आणि पुष्कळ जणांचं तेवढ्यावर भागतं.

का ते नीट समजून घ्या म्हणजे पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हीच द्याल. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मुख्यतः पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या मोठ्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या छोट्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. या झडपा ढिल्या पडल्या की वर गेलेलं रक्त परत घसरतं, कातडीखालच्या शिरांवर ताण येतो आणि त्या फुगतात. ढिल्या का पडतात तर घराण्यातच असतं (तुमच्या आईंना होतं ना), शिवाय बाळंतपणं, वजन, वय आणि तासन् तास उभं राहण्याची कामं. आता एक आकडा बघा, माणूस नुसता स्तब्ध उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो आणि तोच माणूस चालायला लागला की चांगल्या पायात तो ३० च्या खाली येतो. झडपा बिघडलेल्या असतील तर इतका उतरत नाही, पण खूप बिघडलेल्या नसतील तर थोडाफार तरी उतरतो. म्हणून मी उभ्या राहू नका म्हणत नाही, शिक्षकाला ते जमणारही नाही, गप्प एका जागी उभ्या राहू नका एवढंच म्हणते. मुलं उदाहरण सोडवत असतील तेव्हा बाकांमधून फेरी मारा, फळ्यापाशी असाल तर वीस-पंचवीस वेळा टाचा वर-खाली करा, साडीत कोणाला कळतही नाही. रोज अर्धा तास सलग चालणं ठेवा. वजन जास्त असेल तर पाच किलो जरी उतरलं तरी पायाला फरक कळतो.

आणि घरी गेल्यावर १५-२० मिनिटं पाय वर. इथे सगळे चुकतात. खुर्चीत बसून समोर स्टुलावर पाय ठेवला की झालं असं वाटतं, पण पाय हृदयाच्या पातळीच्या वर गेला तरच रक्त उतरतं, म्हणजे चक्क आडवं पडायचं आणि पायाखाली दोन-तीन उशा घ्यायच्या किंवा पाय भिंतीला टेकवायचे. घरच्यांना सांगून ठेवा की तेवढा वेळ चहा कोणीतरी दुसऱ्याने करायचा. हा मी गमतीत सांगत नाहीये, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांपैकी पाय वर करणं न जमण्याचं पहिलं कारण हेच असतं.

रात्रीच्या त्रासाचं म्हणाल तर पोटरीत येणारा प्रत्येक गोळा शिरांमुळेच येतो असं नाही, झोपण्याआधी पोटरी ताणायचा व्यायाम करून बघा, तरी राहिलं तर रक्त तपासून घ्या.

आता आईंच्या ऑपरेशनबद्दल. त्या काळी जांघेत आणि खाली काप देऊन अख्खी शीर ओढून काढायचे, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात, नंतर मांडीभर काळंनिळं व्हायचं. हल्ली बहुतेक ठिकाणी लेझरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर आतूनच बंद करतात, तेवढ्या भागाला भूल देऊन, आणि पेशंट सहसा त्याच दिवशी चालत घरी जातो. काही शिरांना फेसाचं इंजेक्शन देऊनही काम होतं. हे मुद्दाम सांगतेय कारण ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये डॉक्टरांना ज्या सूचना दिल्या त्यात त्रास देणाऱ्या शिरांसाठी पहिली पसंती या उष्णतेने शीर बंद करण्याला आहे, मग फेसाचं इंजेक्शन, मग जुनं ऑपरेशन, आणि मोजे हा उपाय म्हणून द्यायचे ते या तिन्हीतलं काहीच करता येत नसेल तर. मी स्वतः एवढी कडक नाही, आधी तीन महिने मनापासून वरचं सगळं करा म्हणते, पण एकदा कलर डॉपलर मात्र करून घ्याच. ती सोनोग्राफीच असते, सुई वगैरे काही नाही. झडपा बघायच्या असल्या तर ती तुम्हाला उभं करून करतात, कोणी फक्त झोपवून केली तर विचारा का म्हणून.

प्रश्न : एसटीत कंडक्टर आहे, वय ३९. डॉक्टरांनी ते घट्ट मोजे दिले. चार दिवस घातले, घाम, खाज, वरून घालायलाच वीस मिनिटं लागतात, बायको आणि मी दोघं मिळून ओढतो. शेवटी कपाटात टाकले. त्यापेक्षा क्रेप बँडेज गुंडाळलं तर चालेल का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राला मी पहिला नंबर देणार होते कारण मोजे कपाटात टाकलेले तुम्ही एकटे नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बरेच जण टाकतात. पण वीस मिनिटं लागतायत म्हणजे एकतर माप चुकलंय किंवा वेळ चुकतेय.

माप संध्याकाळी सुजलेल्या पायावर घेतलं असेल तर ते चुकलंच. सकाळी, उठल्या उठल्या, घोटा, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि गुडघ्याखालपर्यंतची लांबी, तिन्ही मापं घ्यायची, मध्यम-मोठा असा अंदाजाने घ्यायचा नाही. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा पुरतो, मांडीपर्यंतचा उगाच घसरतो आणि गोळा होऊन काचतो. क्लास १ हा हलका, क्लास २ म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा दाब, वर जाईल तसा कमी होत जाणारा. तुम्हाला क्लास २ दिला असेल आणि अजिबात सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून क्लास १ वर या, रोज घातलेला हलका मोजा हा कपाटातल्या भारी मोज्यापेक्षा केव्हाही बरा.

घालायची वेळ म्हणजे पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी. ड्युटी पहाटेची असेल तर उठून अंघोळ झाली की दहा मिनिटं परत आडवं पडा, पाय वर करा आणि मग घाला. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवायची आणि मग बाकीचा थोडा थोडा वर सरकवायचा, वरची कड धरून ओढायचा नाही, तिथेच सगळे घामाघूम होतात. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून सरकवलात तर पकड येते, करून बघा, वहिनींना बोलवायची वेळ येणार नाही. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, मोजा सर्रकन सरकतो, मग पिशवी पुढून ओढून घ्यायची. वरची कड कधीही दुमडायची नाही, दुमडली की तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. रात्री काढायचा. कोरड्या कातडीला खाज जास्त सुटते म्हणून खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर रात्री लावा, सकाळी घालायच्या आधी नको. दोन जोड ठेवा, हाताने साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, मग तो नुसता साधा मोजा उरतो.

क्रेप बँडेज तात्पुरतं ठीक, पण आपण घरी गुंडाळतो तेव्हा कुठे घट्ट कुठे सैल होतं, दोन तासांत घसरतं, आणि घोट्यापेक्षा पोटरीवर जास्त आवळलं गेलं तर उलटा परिणाम होतो. आणि हो, चालत्या गाडीत तिकिटं काढत पुढे-मागे फिरता तेव्हा तुमची पोटरी कामच करत असते, स्टँडवर गाडी लागल्यावर मात्र टेकून उभे राहू नका, एक चक्कर मारा.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, पंधरा वर्षांपासून शुगर, बीपी. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी आणि कडक झालीय, महिन्याभरापासून रुपयाएवढी जखम आहे, पाणी येतं. ती म्हणते हळद लावते, बरं होईल. ऑनलाइन मोजे मागवू का?

उत्तर : मागवू नका. आत्ता नको.

तो काळा रंग म्हणजे शिरांतल्या दाबाने रक्तपेशी बाहेर झिरपतात आणि त्यातलं लोह कातडीत साचतं त्याचा डाग. त्या जागची कातडी कमजोर होते, जरा खरवडलं तरी जखम होते आणि भरत नाही. शिरांच्या जखमेला दाब देणं हाच मुख्य उपाय आहे हे खरं, पण शुगरच्या माणसाच्या शुद्ध रक्ताच्या नळ्याही आतून अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर उरलासुरला पुरवठाही तुटतो, बोटं काळी पडतात. म्हणून आधी घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून त्याचं गुणोत्तर काढतात, ते ०.८ च्या वर असेल तर पूर्ण दाब द्यायला हरकत नसते. शुगरमध्ये नळ्या कडक झाल्या की हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून हे काम रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडेच, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनकडे करा, या आठवड्यात करा.

हळद, राख, मेडिकलमधून आणलेली कुठलीही अँटिबायोटिक ट्यूब, सगळं बंद. अशा कातडीला मलमांची ॲलर्जी फार पटकन येते. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ ड्रेसिंग ठेवा, पाय वर.

आणि दादा, इथे मी ऑपरेशनशिवाय या हट्टाला अजिबात साथ देणार नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधला एव्हरा नावाचा अभ्यास आला, ४५० पेशंट, सगळ्यांना दाबाचं बँडेज, आणि निम्म्यांची खराब शीर लवकर बंद केली, निम्म्यांची नंतर. लवकरवाल्यांच्या जखमा भरायला साधारण ५६ दिवस लागले, उशिरावाल्यांना ८२. त्याआधी २००४ मध्ये एस्कार अभ्यासात दिसलं होतं की नुसत्या दाबाने भरलेली जखम वर्षभरात २८ टक्के लोकांना परत झाली, ऑपरेशनही केलेल्यांमध्ये १२ टक्के. आईंचं वय, शुगर बघून डॉक्टर ठरवतील, पण शक्य असेल तर घाबरून नाही म्हणू नका.

अजून एक, दोन्ही घोटे सुजत असतील तर बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. अम्लोडिपिनने घोटे सुजतात, आणि लोक वर्षानुवर्षं शिरांना नावं ठेवत बसतात. गोळी स्वतःहून मात्र बंद करायची नाही.

प्रश्न : ॲपल सायडर व्हिनेगर, जळवा, तिळाच्या तेलाने जोरात मसाज आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या, यातलं काय करू? (अशी एकूण अकरा पत्रं आहेत.)

उत्तर : व्हिनेगर पायाला चोळून आतली झडप दुरुस्त होत नाही, कातडी मात्र भाजू शकते. जळवांचं सुश्रुतसंहितेत सविस्तर वर्णन आहे आणि आजही बोट वगैरे परत जोडल्यावर साचलेलं रक्त ओढायला जगात काही ठिकाणी जळवा लावतात, त्यामुळे मी त्याला हसणार नाही, पण आपल्या दुखण्यात साचलेलं रक्त काढलं तरी संध्याकाळपर्यंत वरून तेवढंच परत येणार, आणि शुगर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जखम आणि रक्तस्राव नको तेवढा वाढतो. मसाज करायचाच तर घोट्याकडून वर, हलक्या हाताने, गाठी रगडायच्या नाहीत. शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक आणि दुखरी झाली असेल तर हातही लावू नका, तिथे रक्त गोठलेलं असू शकतं, डॉपलर करा.

गोळ्यांमध्ये डायोस्मिन-हेस्परिडिनने जडपणा, ठणका, सूज काही जणांची खरंच कमी होते, दिवसाला १००० मिलिग्रॅम असा डोस असतो, दोन-तीन महिन्यांत कळतं उपयोग होतोय की नाही, नसेल तर पैसे घालवत बसू नका. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बियांच्या अर्कानेही थोड्या काळासाठी आराम पडल्याचं अभ्यासात दिसलंय, पण त्याच्या कच्च्या बिया विषारी असतात, त्यामुळे पावडर मागवून घरगुती काढे करू नका. शिरा नाहीशा करणारी गोळी अजून निघालेली नाही. लघवीच्या गोळ्या तर यासाठी नाहीतच.

प्रश्न : अंघोळीत पाय घासताना शीर फुटली, न्हाणीघरात रक्ताची चिळकांडी उडाली. शेजाऱ्याने मांडीला करकचून रुमाल बांधला तरी थांबेना. असं परत झालं तर? (शेतकरी, वय ५८, सातारा जिल्हा)

उत्तर : काका, रुमाल बांधल्यामुळेच थांबेना. अशुद्ध रक्ताची शीर वरून बांधली की खाली आणखी तुंबतं आणि जोरात येतं. लगेच जमिनीवर आडवं पडायचं, पाय खुर्चीवर किंवा कोणाच्या तरी खांद्यावर उंच ठेवायचा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कापड धरून बोटाने दाबून ठेवायचं, दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेक वेळा थांबतं. घाबरून उभं राहून धावपळ केली तर भरपूर रक्त जातं, एकटा माणूस असेल तर जिवावर बेतू शकतं. आणि एकदा फुटलेली शीर परत फुटते, त्यामुळे घरगुती उपायांचा विषय तुमच्यापुरता संपला, सर्जनला दाखवाच. तोवर दगडाने पाय घासणं बंद.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे, सध्या बेंगळुरूला असते. दोन्ही पायांवर आणि खाली नाजूक जागीही शिरा फुगल्यात, सांगायला लाज वाटते. बाळाला काही होईल का?

उत्तर : बाळाला काही होत नाही, आणि लाज कसली, खूप जणींना होतं, फक्त कोणी बोलत नाही. गरोदरपणात रक्त वाढतं, हार्मोन्समुळे शिरा सैलावतात आणि वरून गर्भाशयाचा भार, त्यामुळे हे होतं, आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरंच ओसरतं. या काळात शिरांवर कुठलीही प्रक्रिया करायची नाही, थांबायचं. डाव्या कुशीवर झोप, मोजे तुझ्या डॉक्टरांना विचारून, गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नाही. नाजूक जागच्या शिरांचं डॉक्टरांना एकदा सांगून ठेव. लक्ष एकाच गोष्टीवर ठेव, एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला किंवा दम लागून छातीत दुखलं तर रात्र आहे, सकाळी बघू असं करू नकोस, त्याच क्षणी हॉस्पिटल. आत खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता या दिवसांत आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे जास्त असते.

प्रश्न : ठाण्यात साडीच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही असा नियम आहे. तुमचे सगळे व्यायाम ठीक, पण बसूच देत नाहीत तर काय करायचं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला गप्प केलं. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी नेमक्या याच गोष्टीसाठी बरीच वर्षं भांडण केलं, पाय सुजणं आणि शिरा फुगणं ही त्यांच्या तक्रारींतलीच एक होती, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने वटहुकूम काढून दुकानात बसायची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. तेव्हा ही मागणी काही आळशीपणाची नाही, मालकांना हे दोन दाखले तुम्ही चार-पाच जणी मिळून सांगा, एकटीने नको. तोवर घडी घालायला, साड्या वर ठेवायला स्वतःहून पुढे व्हा, म्हणजे पाय हलत राहतील, आणि काउंटरमागे एक बुटका पाट ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेका, त्याने निदान वजन एकाच पायावर राहत नाही. मोजे तुम्हाला खरंच उपयोगी पडतील. दुकानाच्या गणवेशात बसत नाही म्हणाले तर कातडीच्या रंगाचे मिळतात.

प्रश्न : मांडी घालून बसल्याने किंवा पायावर पाय टाकल्याने शिरा फुगतात का? सासूबाई म्हणतात फुगतात.

उत्तर : तसा काही पक्का पुरावा नाही. मांडी घालून जेवा खुशाल. फक्त जेवण झाल्यावर तासभर तिथेच गप्पा मारत बसू नका, उठून ताटं उचला, आणि सासूबाईंनाही उचलू द्या, त्यांच्याही पोटरीला काम होईल.